ऊन, कावळे आणि ओला फडका

आमच्या नवी मुंबईतल्या जुईनगरच्या सोसायटीत छताखाली गाडी लावायच्या जागा ११ आणि गाड्या ३४. दर एप्रिलात चिठ्ठ्या टाकतात आणि दर एप्रिलात माझी चिठ्ठी कोरी निघते. त्यामुळे आमची गडद निळी गाडी घेतल्या दिवसापासून कंपाउंडच्या भिंतीलगत उघड्यावर उभी असते. भिंतीपलीकडे रस्त्यावरचा भलामोठा पर्जन्यवृक्ष, त्याच्या निम्म्या फांद्या आमच्या हद्दीत. एका अंगाला शिरवण्याची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला हार्बर लाइनचे रूळ, जरा पुढे गेलं की सानपाड्याचं कारशेड. गाडीच्या रंगाचं जे जे म्हणून वाटोळं करतं, ते सगळं हाकेच्या अंतरावर.

रंग जपायचं मनावर घेतलं ते धाकट्या दिराच्या गाडीमुळे. कळंबोलीला त्याची गाडी अशीच उन्हात असायची. टपावर आधी एक पांढुरका डाग उमटला, मग त्याच्या कडा उचलल्या आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अख्ख्या टपावरून पातळ, पारदर्शक पापुद्रे नखाने सुटायला लागले. टप आणि बॉनेट रंगवायचा गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून त्याने गाडीच विकून टाकली. तो पापुद्रा हातात घेऊन बघितला तेव्हा लक्षात आलं की निघतोय तो रंग नव्हेच.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे असं काही दिसलं की गप्प बसवत नाही. गाडीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेसकोट आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवले तेवढी जाडी. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. चमक त्याची आणि मार खाणाराही तोच. अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं त्याच्यात मिसळलेली असतात. ती उन्हात हळूहळू खर्ची पडतात, आणि आधी खर्ची पडतात ती वरच्या भागातली. एकदा हे कळलं की दरवर्षी गॅरेजात 'रबिंग-पॉलिश' मारून गाडी चकाचक करून आणणाऱ्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो आपण. नेमका तो वरचा भागच तो पैसे देऊन घासून घेत असतो.

गाडीची डिलिव्हरी घेताना शोरूममधल्या पोराने टेफ्लॉन कोटिंगचा आग्रह धरला होता. "मॅडम, करून घ्या, पाच वर्षं बघायला नको." टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते वितळतं ३२७ अंशांना; तव्यावर बसवतात तेव्हा भट्टीत त्याहून जास्त तापवतात, म्हणून बसतं. मी विचारलं, "तापवणार कितीला?" तो म्हणाला, "तापवायचं काय मॅडम, हाताने लावतो आणि पुसतो." मग त्या पॉलिशात टेफ्लॉन असलं काय नि नसलं काय. नको म्हटलं. तो बिचारा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कव्हर हा सगळ्यांचा पहिला सल्ला. मीही चांगलं, तीन पदरी, श्वास घेणारं वगैरे कव्हर आणलं. स्वच्छ गाडीवर, कोरड्या हवेत, वारा नसताना कव्हरासारखी गोष्ट नाही. पण या तिन्ही अटी जुईनगरला एकत्र कधी भेटतात? संध्याकाळी कॉलेजातून आलेली गाडी धुळीने माखलेली असते. त्या धुळीवर कव्हर ओढायचं, रात्रभर खाडीकडच्या वाऱ्याने ते फडफडायचं आणि सकाळी परत ओढून काढायचं, म्हणजे धूळ दोनदा घासली गेली. पावसाळ्यात तर ओलं कव्हर रंगाला चिकटून बसतं आणि खाली कोंडलेल्या दमटपणाने क्लिअर कोटवर पांढुरके ढग येतात. आता ते कव्हर डिकीत घडी करून असतं आणि मे महिन्यात गावाला जाताना, गाडी धुऊन-सुकवून मगच चढतं.

उन्हाआधी फडक्याबद्दल बोलायला हवं. माझ्या मते आपल्याकडच्या गाड्यांचा रंग उन्हापेक्षा फडक्याने जास्त जातो.

आमच्याकडे पहाटे साडेचारला गाड्या पुसायला एक मुलगा येतो, मूळचा जालन्याकडचा. एक बादली, एक फडका, पंचवीसेक गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीतल्या पाण्याचा चहा झालेला असतो. आमच्या भागातल्या धुळीत रस्त्याची माती असते, एमआयडीसीची काजळी असते आणि आजूबाजूला पुनर्विकासाला गेलेल्या सिडकोच्या जुन्या इमारतींची रेती-सिमेंट असतं. रेती म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. पदार्थांची कठीणता मोजायच्या मोह्जच्या मापावर त्याची कठीणता ७, काचेची साडेपाचच्या आसपास, आणि क्लिअर कोट तर शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच. हे कण ओल्या फडक्याखाली रोज पहाटे फिरवले की काय होतं ते बघायचं असेल तर रात्री पार्किंगच्या एलईडी दिव्याखाली गडद रंगाच्या गाडीच्या बॉनेटकडे बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. पांढऱ्या गाडीवरही ते असतंच, फक्त दिसत नाही.

त्या मुलाला मी एकदा थांबवून म्हटलं, "अरे, आमची गाडी रोज पुसू नकोस. आठवड्यातून दोनदा नीट धू, पैसे तेवढेच घे."

तो घुटमळला. "ताई, रोज हात लावला नाही तर बाकीचे म्हणतील, हा येतच नाही."

त्याची अडचण खरी होती. गाडी पुसून झाली की तो दोन्ही वायपर उभे करून जातो. ती त्याची हजेरी. सकाळी गॅलरीतून लोक गाडी स्वच्छ आहे का ते बघत नाहीत, वायपर उभे आहेत का ते बघतात. मग असं ठरलं की रोज फक्त काचा पुसायच्या, वायपर उभे करायचे, पत्र्याला हात लावायचा नाही. आणि बुधवारी-रविवारी धुवायची, माझ्या सामानाने. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवायची, मग टपापासून खाली यायचं, आणि प्रत्येक पॅनेलनंतर मिट साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत बुडवायचा. मिट म्हणजे हातमोज्यासारखा मायक्रोफायबरचा केसाळ हातपंजा. मळ त्याच्या केसांत शिरतो, पत्र्यावर घासला जात नाही. शाम्पू गाडीचाच हवा. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढायलाच बनवलेला असतो, तो गाडीवरचं वॅक्सही काढून नेतो.

पहिल्यांदा त्याला हे सगळं बाईचं खूळ वाटलं असणार. धुणं संपल्यावर मी त्याला साध्या पाण्याची बादली हळूच तिरकी करायला सांगितली. वरचं पाणी ओतून दिल्यावर तळाशी काळपट रेतीचा पातळ थर उरला. त्याने दोन बोटांनी चिमूट उचलली, अंगठ्यावर घासून पाहिली, आणि म्हणाला, "हे रोज मी फिरवत होतो होय?" त्यानंतर मला त्याला काही सांगावं लागलं नाही.

धुण्याचं पाणी हा वेगळाच विषय निघाला. सोसायटीत पिण्याचं पाणी महापालिकेचं, मोरबे धरणातून येणारं. गाड्या धुवायला मात्र बोअरचंच वापरायचं असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण उन्हात बोअरच्या पाण्याचा थेंब पत्र्यावर सुकला की मागे पांढरं कडं राहतं. बारावीच्या मुलांना पाण्याची कठीणता काढायला शिकवतोच, तर घरून दोन्ही पाण्यांच्या बाटल्या नेल्या. त्यात ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने टाकतात; रंग पालटायला जितकं जास्त लागेल तितकं पाणी कठीण. मोरब्याच्या पाण्याचा रंग थोडक्या थेंबांत पालटला. बोअरच्या पाण्याला ब्युरेट पुन्हा भरावं लागलं. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम मग गाडीवर बसतं. वेळीच काढलं तर पांढरं व्हिनेगर निम्म्याला निम्मं पाणी घालून लावलं की विरघळतं, मात्र सावलीत, थंड पत्र्यावर, आणि सुकायच्या आत धुऊन टाकायचं. राहू दिलं तर त्याच्या खाली रंगावर कायमची खूण पडते. आम्ही मार्ग काढला तो असा: गाडी बोअरच्या पाण्याने धुवायची, शेवटची अर्धी बादली घरातल्या पाण्याची फिरवायची आणि लगेच जाड टॉवेलने टिपून घ्यायची. टिपायची, रगडायची नाही.

आता झाड. फेब्रुवारीपासून गाडीवर बारीक चिकट थेंब पडायला लागतात, काचेवर तर वायपर अडकतो. सोसायटीत सगळे म्हणायचे, झाडाचा डिंक गळतोय, फांद्या छाटा. सासरे देवगडचे, हापूसच्या कलमांत वाढलेले. त्यांनी बोट लावून बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, "डिंक कसला गं, हा किड्यांचा चिकटा. मोहरावर तुडतुडे आले की आमच्या बागेत पानं अशीच चिकट होतात." अगदी बरोबर होतं. पानांचा रस शोषणारे मावा, पिठ्या ढेकूण यांसारखे किडे जास्तीची साखर खाली टाकून देतात. मुंबईतल्या कित्येक पर्जन्यवृक्षांना या पिठ्या ढेकणानेच ग्रासलं होतं. आता साखर म्हटली की काम सोपं, ती पाण्यात विरघळते. कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल पाच-दहा मिनिटं बॉनेटवर पसरून ठेवायचा, मग धुवायची. आमचा वॉचमन थिनरची बाटली घेऊन तयारच होता, त्याला हात जोडले. झाडाची राळ असेल तर ती पाण्याने जात नाही, तिला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, तेही कापसाच्या बोळ्याने, डागापुरतंच. चिकटा काढायचा आळस केला तर त्यावर धूळ बसते, दमट हवेत काळी बुरशी धरते आणि मग रगडावं लागतं. रगडणं आलं की ओरखडे आले.

फांद्या छाटायचा ठराव कमिटीत आलाच. १९७५च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते हे सेक्रेटरींनी सांगितल्यावर निम्म्यांचा उत्साह मावळला. मी तसाही विरोधातच होते. चिकटा धुता येतो, ऊन धुता येत नाही.

कावळे, कबुतरं आणि मे महिन्यात कोकिळा. पक्ष्यांच्या शिटेबद्दल सगळे सांगतात की त्यातल्या आम्लाने रंग जळतो. पक्षी युरिया नव्हे, युरिक आम्ल टाकतात हे खरं, पांढरा भाग तोच. पण युरिक आम्ल तसं दुबळं आणि पाण्यात जेमतेम विरघळणारं. मी ताज्या शिटेवर ओली पीएच पट्टी लावून बघितली. पट्टी जराशी पिवळसर झाली, घाबरण्यासारखं काही नाही. तरीही दुपारभर राहिलेली शीट काढल्यावर खाली तिच्याच आकाराचा निस्तेज डाग दिसतो. यात मोठा हात उन्हाचा. तापलेला क्लिअर कोट मऊ होतो, किंचित फुगतो. वर शीट सुकून कडक होते. संध्याकाळी पत्रा निवला की क्लिअर कोट आकसून तिच्या खडबडीत आकाराभोवती घट्ट होतो. म्हणजे डाग हा बराचसा ठसा असतो. म्हणून सकाळी पडलेली शीट दुपारच्या आत काढली तर सहसा काही होत नाही, आणि मेमध्ये दुपारी पडलेली दोन-तीन तासांतही खूण ठेवून जाऊ शकते.

काढायची पद्धत: डिकीत पाण्याची बाटली आणि टिश्यू असतातच. टिश्यू भिजवून शिटेवर ठेवायचा, दोन मिनिटं थांबायचं, मऊ झाली की चिमटीत उचलायची. पुसायची नाही, कारण पक्ष्यांच्या पोटात बिया आणि रेती दोन्ही असतात. कॉलेजच्या गेटवर हे करताना मला विद्यार्थ्यांनी बघितलं आहे. चालायचंच.

याच सुमारास आणखी एक गोष्ट हाताला लागली, शब्दशः. धुतलेल्या, कोरड्या गाडीवरून प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटं फिरवली की जे नुसत्या हाताला कळत नाही ते कळतं. पिशवीतून बॉनेट खरखरीत लागत होतं, अगदी पॉलिश पेपरसारखं. शेजारच्या पांढऱ्या गाडीवर त्याचं उत्तर दिसत होतं: टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके. लोखंडाचे कण. लोकलची चाकं, ब्रेक, रूळ यांच्या घर्षणातून उडतात, आपल्याच गाडीच्या ब्रेकमधूनही उडतात, रंगात रुततात आणि जागच्या जागी गंजतात. याला 'रेल डस्ट' म्हणतात, कारण पूर्वी रेल्वेच्या वाघिणींतून आलेल्या नव्या गाड्यांवर ते आढळायचं. धुण्याने ते जात नाहीत.

सानपाड्याच्या एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाड्यांचा रंग साफ करून चमकवून देणाऱ्याकडे, गाडी नेली. तो तरुण मुलगा कामाला पक्का होता, बोलायलाही. आधी त्याने रंगाची जाडी मोजायचा मीटर काढला. बॉनेट १०९ मायक्रॉन, टप ११२, उजवा दरवाजा १०६. डावा मागचा दरवाजा २४०. "हा रंगवलाय," तो म्हणाला. रिक्षाने घासला होता, मीच रंगवून घेतला होता. बाहेरून मला स्वतःला फरक दिसत नाही. "मॅडम, थर पातळच आहे. जोरात रबिंग मारणार नाही. एक हलका हात मारतो, खोल ओरखडे राहू देतो." हे ऐकून तो मला आवडला. सगळे ओरखडे घालवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

मग त्याने सगळ्या गाडीवर आयर्न रिमूव्हर फवारला. मिनिटभरात लादीवर जांभळे ओघळ यायला लागले. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावतं त्याचा तो रंग. वास मात्र असह्य, सडक्या अंड्यांसारखा आणि ओळखीचा. केस काढायच्या क्रीममध्ये याच कुळातलं रसायन असतं. नंतर क्ले. मळलेल्या कणकेएवढी मऊ पट्टी, भरपूर साबणपाणी शिंपडून अलगद सरकवायची. जिथे कण असतो तिथे ती अडखळते, मग अडखळणं थांबतं. त्याने मला एक कोपरा करू दिला. तळहाताखालचा खरखरीतपणा हळूहळू नाहीसा होताना जाणवणं यात एक वेगळंच समाधान आहे, हे कबूल करते. क्लेची पट्टी खाली पडली की फेकायची, मग ती कितीही महागाची असो. ही त्याची शिस्त होती आणि ती त्याने माझ्यासमोर एकदा पाळून दाखवली.

आता खरा प्रश्न: वर काय लावायचं? त्याच्याकडे सगळे पर्याय होते. पीपीएफ, म्हणजे दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म, अख्ख्या गाडीला लाखाच्या पुढे. खड्यांपासून खरोखर वाचवणारी हीच एक, पण आमच्या गाडीच्या किमतीच्या मानाने हसू आलं. सिरॅमिक कोटिंग २८ हजार. त्याच्या जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत '९एच' लिहिलेलं होतं. मी विचारलं, ९एच कशाचं? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पेन्सिलचं." म्हणजे ९एच या, चाचणीतल्या सगळ्यात कडक पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढंच. ते मोह्जचं ९ नव्हे. रेती त्याला ओरबाडतेच. जाडी मायक्रॉनभर. पाण्याचे मोती होतात, मळ कमी चिकटतो, शीट लवकर सुटते, हे फायदे खरे आहेत. आमच्या सेक्रेटरींनी ते करून घेतलं आहे आणि पहिले काही महिने गाडी आरशासारखी होती. मात्र ती अजून रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, बोअरच्या पाण्याने धुतली जाते. वर्षभरात कोटिंगवर पाण्याची कडी आणि फडक्याचं जाळं, दोन्ही हजर. दोष कोटिंगचा नाही. नीट धुणाऱ्याला ते सोय देतं, न धुणाऱ्याला काही देत नाही, असं माझं मत झालं. उन्हाचं म्हणाल तर एवढ्याशा थराकडून फार अपेक्षा ठेवू नये.

कार्नोबा वॅक्सचा डबाही तिथे होता. ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. दिसायला त्याच्याइतकं सुंदर काही नाही, पण ते ८२-८६ अंशांना वितळतं आणि मेमध्ये गडद पत्रा त्याच्या बराच जवळ जातो. आमच्याकडे ते महिनाभर टिकलं तरी पुष्कळ. मी पॉलिमर सीलंटची, म्हणजे वॅक्सऐवजी लावायच्या कृत्रिम लेपाची, बाटली घेतली. ती घरी, संध्याकाळी, धुऊन सुकवलेल्या गाडीवर स्वतः लावते, एकदा दिवाळीच्या सुमारास आणि एकदा मार्चात. पातळ थर, थोडं थांबून स्वच्छ मायक्रोफायबरने उतरवायचं. जास्त लावून काही जास्त मिळत नाही, पुसायला मात्र त्रास होतो.

राहिलं ऊन. आमचं झाड पूर्वेला, त्यामुळे सावली सकाळी दहापर्यंत. दुपारचं सगळं ऊन अंगावर. मेमध्ये दुपारी दोनला प्रयोगशाळेतला इन्फ्रारेड थर्मामीटर लावून बघितला, आमचं बॉनेट ६७ अंश, शेजारची पांढरी गाडी ५०. (करोनात घेतलेली कपाळावरची बंदूक नेऊ नका, ती नुसतंच 'हाय' दाखवते.) या दोन आकड्यांसमोर बाटलीतलं कुठलंही द्रव्य फिकं आहे. सावलीच हवी. पत्र्याची शेड टाकायची तर महापालिकेची परवानगी, मग सभा, मग वर्गणी, मग पुढच्या वर्षी. सासऱ्यांनीच सुचवलं, "रोपवाटिकेला लावतात ती हिरवी शेडनेट बांधा ना."

भिंतीलगत उघड्यावर असलेल्या चार गाडीवाल्यांनी मिळून ७५ टक्क्यांची शेडनेट आणली. भिंतीला चार जीआय पाइप, समोर इमारतीच्या खांबांना हुक, मध्ये नायलॉनची दोरी. दिसायला मंडप दिसतो आणि त्यावरून टोमणेही ऐकले, "बारसं कुणाचं?" पण त्याच थर्मामीटरने नेटखाली दुपारी दोनला आमचं बॉनेट ४६ दाखवलं. शिवाय कावळ्यांची बरीचशी शीट, पर्जन्यवृक्षाच्या चिकट शेंगा आणि वाळलेली पानं वरच अडकतात. चिकट्याचे थेंब मात्र गाळून खाली येतात, ते जाळीचं काम नव्हे. आठवड्यातून एकदा लांब काठीने खालून नेट झटकावी लागते आणि त्या वेळी गाड्या बाहेर काढाव्या लागतात, नाहीतर सगळी घाण एकदम खाली. खर्च चौघांत वाटला तर माझ्या वाट्याला आला त्यात डिटेलिंगवाल्याचा एक साधा वॉशही झाला नसता. आतापर्यंत रंगासाठी जे काही केलं त्यात सगळ्यात स्वस्त हीच गोष्ट आणि सगळ्यात उपयोगी हीच.

वळवाच्या आधी नेट उतरवतो, नाहीतर जूनच्या पहिल्या वादळात पाइपांसकट गाडीवर येईल. पावसाळ्यात रंगाची मला फारशी काळजी नसते. ऊन नाही, पत्रा तापत नाही, वरून मऊ पाण्याचा मारा चालू. बघायचं ते एवढंच की बॉनेट आणि पुढच्या काचेमधल्या खाचेत पानं साचू नयेत, तिथली भोकं बुजली की पाणी आत शिरतं. आणि जिथे पत्र्यापर्यंत ओरखडा गेला आहे तिथे मे अखेरीला टचअप पेनचा ठिपका द्यायचा, नाहीतर गणपतीपर्यंत तिथे गंज धरलेला असतो. पाऊस थांबला की ऑक्टोबरचं ऊन अंगावर येतं, तेव्हा नेट परत बांधतो.

दिवाळीआधी टॉवेल घ्यायला सानपाड्याला गेले होते, तेव्हा त्या मुलाला म्हटलं, मीटर लावून बघ. बॉनेट १०६, टप ११०; त्याच्या हलक्या पॉलिशनंतर होते तेवढेच, एखाद-दुसरा मायक्रॉन मीटर इकडे-तिकडे दाखवतोच. त्याने दिवा धरून बॉनेट न्याहाळलं. "मॅडम, जाळं नवीन नाही, पण जुनं थोडं आहे. सण आहे, एक हात मारून देऊ? डिस्काउंटमध्ये करतो."

"नको," म्हटलं. "टॉवेलचे किती झाले?"